झाकण उघडून बघा : वाचकांचे प्रश्न, संगणकाच्या पोटातली उत्तरं

या वेळच्या पत्रांतून आठ निवडली आहेत. कोणता मोबाइल घ्यावा, कोणता लॅपटॉप घ्यावा असं विचारणारी पत्रं मी बाजूला ठेवते, कारण अंक छापून हातात पडेपर्यंत ते उत्तर शिळं झालेलं असतं. बाकी पत्रं वेगवेगळ्या विषयांवरची दिसली, तरी बहुतेकांच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसला : समोरचं यंत्र आत काय करतंय हे बघण्याचा हक्क कुणाला आहे, आणि शेवटचा शब्द कुणाचा?

प्रश्न : ताई, मी संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातली बहुतेक मुलं-मुली एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेतात आणि तो चालतोही. मग मी भाषा शिकण्यात वेळ का घालवू? आणि शिकायचीच तर आधी कोणती?

आधी पायथन, आणि त्याच वर्षात सी. पायथनमध्ये पहिल्याच संध्याकाळी काहीतरी चालवून बघता येतं आणि ती गोडी फार कामाची असते. पण पायथन मेमरी तुझ्यापासून लपवून ठेवते. सी काहीच लपवत नाही. एखादा आकडा कुठल्या पत्त्यावर बसलाय, त्याने किती जागा घेतली, ती जागा परत कोण करणार, हे सगळं सीमध्ये तुलाच बघावं लागतं. ते एकदा नीट बघितलंस की पुढची कुठलीही भाषा तुला परकी वाटणार नाही.

एआयचं म्हणशील तर वापर, मीही वापरते. पण ‘चालतो’ म्हणजे काय ते नीट समजून घे. तू दिलेल्या चार उदाहरणांवर चालला, एवढाच त्याचा अर्थ. पायथन उघड आणि ०.१ + ०.२ करून बघ. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. ही पायथनची चूक नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ पुढे संपतच नाही, तसाच एक दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. यंत्राला तो कुठेतरी तोडावाच लागतो आणि तोडला की किंचित फरक उरतो.

हा किंचित फरक कुठे जाऊ शकतो ते सांगते. १९९१च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रिअट यंत्रणा होती, येणारं क्षेपणास्त्र हेरून पाडणारी. तिचं घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजायचं आणि तो दशांश २४ बिटांत, म्हणजे २४ द्विमान अंकांत, तोडलेला होता. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिली आणि फरक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेला. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. २५ फेब्रुवारीला यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी बघितलं, तिथे तिला काही दिसलं नाही, आणि २८ सैनिक मेले. तो प्रोग्रॅमही चाचणीत चालतच होता.

म्हणून तुला एकच पथ्य सांगते. एआयने दिलेल्या ज्या ओळीचं कारण तुला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ती ओळ आपल्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची नाही. ते कारण कळावं म्हणून सीमध्ये एक लहानशी लिंक्ड लिस्ट, म्हणजे पुढच्याचा पत्ता धरून ठेवणाऱ्या नोंदींची साखळी, स्वतःच्या हाताने लिही, डीबगर (प्रोग्रॅम ओळीओळीवर थांबवून दाखवणारं साधन) लाव आणि एकेक ओळ पुढे जात पॉइंटर, म्हणजे ते पत्ते, कसे बदलतात ते बघत बस. त्यानंतर रस्ट या भाषेकडे वळ. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितलं होतं की दर वर्षी ते दुरुस्त करतात त्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतले असतात. रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारं साधन, यातल्या बहुतेक चुका प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवतो. तो इतका कडक का आहे, हे सीमध्ये हात भाजल्याशिवाय नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मी एका संस्थेसाठी नोंदणीचा अर्ज बनवतो. नावासाठी कमाल लांबी ठरवली तर काही मराठी नावं मध्येच तुटतात, शेवटी हलन्त राहतो किंवा चौकोन दिसतो. शिवाय ‘ऱ्या’ असलेले काही शब्द डोळ्यांना दिसतात, पण शोधल्यावर सापडत नाहीत. असं का?

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण हा प्रश्न विचारणारे कमी आणि ‘देवनागरीचा त्रासच आहे’ म्हणून सोडून देणारे जास्त. त्रास देवनागरीचा नाही. ‘लांबी’ हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, त्याचा हा घोळ आहे.

‘क्षि’ घ्या. वाचणाऱ्याला हे एक अक्षर आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं प्रमाण, त्याच्या हिशेबात ती चार चिन्हं आहेत : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार. आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणुकीच्या तीन जागा, लागतात, म्हणजे बारा बाइट. पायथनला लांबी विचारली तर ती चार सांगेल, बाइट मोजणारा डेटाबेस बारा सांगेल आणि वाचक एक सांगेल. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या अर्जाने चिन्हांच्या हिशेबात कापलं की हलन्त उघडा पडतो. बाइटच्या हिशेबात कापलं की एखादं चिन्हच मध्ये तुटू शकतं आणि चौकोन दिसतो.

उपाय दोन. साठवायची मर्यादा भरपूर मोठी ठेवा. नावाच्या लांबीवर वीस-पंचवीसची मर्यादा घालण्याचं आजच्या डिस्कवर काहीच कारण नाही. आणि दाखवताना कापावंच लागलं तर वाचकाच्या अक्षराच्या सीमेवर कापा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल.सेगमेंटर आहे, इतर भाषांत आयसीयू ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. मात्र तिची आवृत्ती बघून घ्या. देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमाने बनवलेली लायब्ररी ‘क्षि’चे ‘क्’ आणि ‘षि’ असे दोन तुकडे करते.

आता ‘ऱ्या’. आपला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हं म्हणून. कीबोर्डप्रमाणे यातलं एक येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्र बाइट जुळवून बघतं आणि त्याला ते वेगळे वाटतात. मजकूर साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा, तो एनएफसी या प्रमाणरूपात आणा. बहुतेक भाषांत हे एका ओळीचं काम आहे. ती एक ओळ नसल्यामुळे ‘सातपुते’ सापडतात आणि ‘गोऱ्हे’ सापडत नाहीत, आणि दोष माणसाच्या आडनावाला दिला जातो. याची मला मनापासून चीड येते.

प्रश्न : प्रोग्रॅम लिहायला कोणता एडिटर घ्यावा : व्हिम, ईमॅक्स की व्हीएस कोड?

हाताला बसेल तो. मात्र कुठल्याही एडिटरमध्ये फंक्शनच्या मूळ व्याख्येवर उडी मारणं, सगळ्या फाइलींत एकदम शोधणं आणि डीबगर जोडणं या तीन गोष्टी माउसला हात न लावता यायला हव्यात. व्हिममध्ये फाइल उघडणं, बदलणं, जतन करून बाहेर पडणं एवढं तरी शिकाच. परक्या सर्व्हरवर बहुतेक वेळा तोच हाताशी असतो.

प्रश्न : १९ जुलै २०२४ला जगभर विंडोजचे निळे पडदे आले, विमानं अडकली. दोष नक्की कुणाचा? लिनक्सवर असं होऊच शकत नाही, असं माझा मित्र म्हणतो.

मित्र चुकतोय. मी स्वतः लिनक्स वापरते आणि त्यावर माझा जीव आहे, तरी हे म्हणते. ज्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे विंडोज कोसळलं, तिच्याच त्याच उत्पादनामुळे त्याआधी काही आठवडे रेड हॅट या लिनक्सच्या एका प्रकारावरही कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, कोसळल्याची नोंद आहे.

त्या दिवशी काय झालं ते जवळून बघण्यासारखं आहे. क्राउडस्ट्राइक ही सुरक्षा-सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिचा पहारेकरी प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करतो आणि काय संशयास्पद समजायचं याच्या नियमांच्या फाइली कंपनी त्याला वरचेवर पाठवते. एका प्रकारच्या नियमासाठी २१ रकाने ठरवलेले होते, पण आत त्या नियमाला माहिती पुरवणारा कोड २०च रकाने भरत होता. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असायची, म्हणून तो कधी तपासलाच गेला नाही. १९ जुलैच्या फाइलीत पहिल्यांदा तिथे खरी अट आली. प्रोग्रॅम एकविसावा रकाना वाचायला गेला, तो तिथे नव्हताच, आणि त्याने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली.

साध्या प्रोग्रॅमने असं केलं तर ऑपरेटिंग सिस्टीम तो प्रोग्रॅम बंद करते आणि बाकी काम चालू राहतं. कर्नलमध्ये असं झालं तर बंद करणारं वर कुणी नसतं, म्हणून अख्खं यंत्र थांबतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं थांबली. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर जी यंत्रं पडली ती सुरूच होत नव्हती, त्यामुळे नवी फाइल घेऊही शकत नव्हती. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये (मोजकेच भाग चालू ठेवणाऱ्या अवस्थेत) शिरून, ती फाइल हाताने पुसावी लागली.

तेव्हा पहिला दोष क्राउडस्ट्राइकचा : रकाने न मोजणं, आणि नवी फाइल आधी मोजक्या यंत्रांवर न सोडता सगळीकडे एकदम सोडणं. पण दुसरा प्रश्न रचनेचा आहे आणि तो फार जुना आहे. जानेवारी १९९२मध्ये ॲन्ड्र्यू टॅनेनबाउम या प्राध्यापकांनी लिनक्स लिहिणाऱ्या, तेव्हा विद्यार्थी असलेल्या लिनस टोरवाल्ड्सला जाहीरपणे सुनावलं होतं की सगळं काही एकाच कर्नलमध्ये कोंबण्याची लिनक्सची रचना कालबाह्य आहे. टॅनेनबाउम यांचं म्हणणं, कर्नल अगदी लहान ठेवा आणि ड्रायव्हर (डिस्क, प्रिंटर अशी उपकरणं चालवणारा कोड) वगैरे मंडळी त्याच्या बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखी चालवा. त्यांच्या मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्रायव्हर मेला तर तो पुन्हा उभा केला जातो, यंत्र चालूच राहतं. लिनसचं उत्तर व्यवहाराचं होतं : माझं आज चालतंय आणि लोक वापरताहेत. बाजारात लिनस जिंकला. पण मोटारींत वापरली जाणारी क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टॅनेनबाउम यांच्या बाजूची आहे.

माझं मत विचाराल तर बाहेरच्या कंपनीचा कोड कर्नलमध्ये शिरताच कामा नये. ॲपलने २०१९पासून ती वाट हळूहळू बंद करत आणली. लिनक्समध्ये ईबीपीएफ नावाची सोय आहे, ज्यात बाहेरचा कोड चालवण्याआधी कर्नल तो तपासून घेतो. तीही निर्दोष नाही, रेड हॅटची वरची घटना तिथलीच. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४मध्ये सुरक्षा-सॉफ्टवेअर कर्नलबाहेर काढण्याची योजना जाहीर केली. इथे एक अट मात्र मी घालेन. कर्नलबाहेरची जी नवी वाट बनेल, तीच वाट मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरनेही वापरावी. स्वतःसाठी आतला दरवाजा राखून ठेवून इतरांना बाहेर उभं करणं हे सुरक्षेच्या नावाखाली मक्तेदारी वाढवणं होईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझा २०१६चा लॅपटॉप उत्तम चालतो, पण विंडोज १०चा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ ‘हे यंत्र योग्य नाही’ म्हणतं. नवा घ्यावाच लागेल का?

नाही, सर. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा-अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, पण ती नोंदणी केली तरच मिळते. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. तुमचा त्याआधीचा आहे. त्याच्या ताकदीत काही उणं नाही, तो यादीत नाही इतकंच.

तुम्ही लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम बघा. आधी सगळी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून फाइली खरोखर उघडतात का ते तपासा. डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग मिंट पेन ड्राइव्हवर उतरवून तिथूनच लॅपटॉप सुरू करा. या अवस्थेत डिस्कला काहीही होत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे सगळं आठवडाभर तपासा. पटलं तरच डिस्कवर बसवा. बसवताना कुठल्या डिस्कवर बसवायचं असं विचारतात, तिथे डिस्कचं नाव आणि आकार दोन्ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरची डिस्क तेव्हा काढून ठेवलेली बरी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून घ्या. वेगात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर ते आधी शोधा. त्यासाठी विंडोज ठेवावं लागलं, तर ते यंत्र इंटरनेटला जोडू नका.

आणि आता धोरणाविषयी, कारण तुमच्या पत्रातली नाराजी योग्य आहे. कंपनीने कायम पाठिंबा द्यावा असं मी म्हणत नाही. तिने मुदत विकतानाच सांगावी, आणि ती संपली की यंत्राचं कुलूप मालकाच्या हाती द्यावं, म्हणजे हवी ती ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येईल. लॅपटॉपवर ही मोकळीक अजून आहे, म्हणून तर तुम्हाला मिंटचा सल्ला देता आला. बऱ्याच फोनवर ती नाही. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नियम आहे की फोनचं ते मॉडेल बाजारात आणणं थांबल्यानंतर किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमची अपडेट मिळायला हवीत. सुरुवात चांगली आहे, पण कुलपाची अट त्यात नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

प्रश्न : मी लेखापरीक्षक आहे. एका संस्थेत नवी संगणकप्रणाली आल्यापासून एका कर्मचाऱ्याच्या रोजच्या हिशेबात तूट दिसते. व्यवस्थापन म्हणतं, ‘कॉम्प्युटर चुकत नाही, वसुली करा.’ तो माणूस हात जोडून सांगतो की पैसे घेतले नाहीत. मी काय तपासू?

तुम्ही सही करण्याआधी थांबलात, त्याबद्दल आधी आभार मानते. ब्रिटनमध्ये हेच वाक्य ऐकून न थांबलेल्या लोकांनी काय केलं ते सांगते.

तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून होरायझन ही प्रणाली गावोगावच्या शाखांत बसवली. ती फुजित्सु कंपनीची. शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार ती त्यांनीच भरायची होती. लोकांनी घरं गहाण टाकली, काहींना तुरुंगवास झाला, काहींनी जीव दिला. २०१५पर्यंत ९००हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आलं. मदतीसाठी फोन करणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे.

प्रणालीत दोष होते, आणि त्यांची माहिती फुजित्सुत होती. ज्ञात दोषांची नोंदवहीच तिथे ठेवलेली होती. त्यातला एक दोष डॅल्मेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. २०१५ साली तिथल्या शाखेने ८,००० पौंड दुसऱ्या केंद्राकडे पाठवल्याची नोंद करायला घेतली. एंटर दाबल्यावर पडदा पुढे सरकला नाही. माणूस काय करेल? पुन्हा एंटर दाबेल. प्रत्येक एंटरला नवी नोंद होत गेली, ८,०००चे ३२,००० झाले आणि २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. पैसा कुठेच गेला नव्हता.

प्रोग्रॅमर म्हणून मला हे वाचवत नाही, कारण यावरचा उपाय आम्ही सगळे शिकतो. प्रत्येक व्यवहार सुरू होतानाच त्याला एक एकमेव क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने ‘हे झालेलं आहे’ म्हणायचं आणि दुसरी नोंद करायची नाही. मग एंटर कितीही वेळा दाबा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. शाखेच्या नोंदीत बाहेरून कुणी बदल करू शकत नाही असं पोस्ट ऑफिस ठामपणे सांगत राहिलं. डिसेंबर २०१९च्या उच्च न्यायालयाच्या निकालात स्पष्ट झालं की फुजित्सुचे लोक दुरून तसा बदल करू शकत होते. आणि कायदा कुणाच्या बाजूने उभा होता? १९८४च्या कायद्यात अशी अट होती की संगणकाचा पुरावा द्यायचा तर यंत्र नीट चालत होतं हे आधी दाखवा. १९९९च्या कायद्याने ती अट काढून टाकली. त्यानंतर यंत्र बरोबरच आहे असं धरून चालायचं आणि ते चुकलं असं वाटलं तर आरोपीने शंकेला जागा दाखवायची. ज्याच्या हातात ना कोड, ना लॉग (यंत्राने आपल्या कामाच्या ठेवलेल्या नोंदी), तो गावातला पोस्टमास्तर ती कशी दाखवणार? मे २०२४मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

आता तुमचं काम. अहवालाचे छापील आकडे पुरावा म्हणून घेऊ नका, मूळ व्यवहारांची नोंद मागा. तूट आलेल्या दिवसांत एकाच रकमेच्या, काही सेकंदांच्या अंतराने झालेल्या नोंदी आहेत का ते बघा. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक आहे का, आणि तो कुठे तयार होतो, टेबलावरच्या यंत्रात की सर्व्हरवर, हे विचारा. त्या दिवसांत नेटवर्क तुटल्याच्या किंवा यंत्र अडकल्याच्या नोंदी मिळवा. नोंदीत बदल करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे याची यादी मागा, पुरवठादाराच्या माणसांसकट, आणि त्यांनी केलेला बदल कुठे उमटतो तेही. ज्ञात दोषांची यादी लेखी मागा. ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर तेही सहीनिशी घ्या. इतर शाखांत किंवा टेबलांवर अशी तूट आली आहे का, हे कर्मचाऱ्यांना वेगवेगळं भेटून विचारा. हे मिळेपर्यंत वसुलीला स्थगिती द्या, आणि पुरवठादाराने नोंदी द्यायला नकार दिला तर तो नकार अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

प्रश्न : माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मग गुन्हेगार पकडण्यासाठी सगळ्या संदेशांची एक चावी सरकारकडे असली तर बिघडलं कुठे?

पोलिसांचं काम अवघड आहे आणि त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण चावी फक्त चांगल्या माणसाच्या हातात उघडेल असं गणित आजवर कुणाला मांडता आलेलं नाही.

ग्रीसमधल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये पोलिसांना कायदेशीरपणे फोन ऐकता यावेत यासाठीचा भाग बसवलेला होता. २००४च्या सुमारास कुणीतरी त्या यंत्रणेत शिरून तोच भाग गुपचूप चालू केला आणि पंतप्रधानांसह शंभरच्या वर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. मार्च २००५मध्ये ते उघडकीला आलं. अमेरिकेने १९९३मध्ये फोनवरचं बोलणं कूटबद्ध करणारी क्लिपर चिप आणली, जिची चावी सरकारजवळ राहणार होती. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवलं की त्यातली तपासणीची खूण फक्त १६ बिटांची आहे, म्हणजे ६५,५३६ शक्यता, आणि त्या संगणकाने एकामागोमाग करून बघत सरकारी चावी निकामी करता येते. २०२४मध्ये तर अमेरिकेच्या दूरसंचार कंपन्यांत शिरलेल्या हल्लेखोरांनी न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या टेहळणीशी संबंधित माहितीच उचलल्याचं उघड झालं. त्यानंतर तिथल्याच सायबर-सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेली, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणारी, संदेशसेवा वापरायला सांगितलं.

तुमच्याकडे लपवण्यासारखं नसेल, तरी तुमचं बँकेचं खातं, तुमच्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं आणि एखाद्या वार्ताहराला माहिती देणाऱ्या कारकुनाचं नाव याच कुलपामागे आहे. पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाने एका संशयिताचा एक फोन जप्त करून तपासू द्या, त्यासाठी साधनं आणि माणसं द्या. सगळ्यांचं कुलूप एकाच चावीने उघडेल असं बनवू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे, प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी येतं. मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो त्याला, हातभार लावायचा आहे, पण माझ्यासारख्याचा काय उपयोग?

खूप उपयोग आहे. २०२४ची एक्सझेडची घटना तुला माहीत असायला हवी. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती फावल्या वेळात प्रामुख्याने एकच माणूस सांभाळत होता आणि तो थकला होता. ‘जिया टॅन’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. त्याच काळात इतर नावांनी पत्रं येत होती की काम फार हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. कोड बदलण्याचा आणि आवृत्ती काढण्याचा हक्क मिळाल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याची चोरवाट ठेवली गेली. कोडपासून प्रोग्रॅम बांधताना ती जागी करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती, फक्त उतरवून घेण्यासाठी प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती.

ती सापडली कशी? आन्द्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रॅमर वेग मोजत होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याला दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ला जगाला सांगितलं. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं.

यातून तुझ्यासाठी काम निघतं. तू रोज वापरतोस असा एखादा लहान प्रकल्प निवड, जो एक-दोन माणसं सांभाळतात. नवं वैशिष्ट्य सुचवू नकोस, त्याने त्यांचं ओझं वाढतं. त्यांच्याकडे पडून असलेल्या तक्रारी घे आणि एकेक आपल्या यंत्रावर घडवून बघ. घडली तर कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या पायऱ्यांनी, काय अपेक्षित होतं आणि काय दिसलं, एवढं लिही. घडली नाही तर तेही लिही. नवी आवृत्ती आली की प्रसिद्ध झालेला गठ्ठा आणि गिटमधला, म्हणजे सगळ्यांना दिसणारा, कोड यांची तुलना करून फरक बघ. काही फरक रास्त असतात, ते का आहेत ते शोध. आणि पहिलं पत्र लिहिशील तेव्हा ‘हे कधी होणार?’ असं विचारू नकोस, ‘यातलं काय मी करू?’ असं विचार.